फोनवरील मुलाखती आणि ऑटिस्टिक उमेदवार

महोदय,

पदवी हाती पडलेल्या गोव्यातील मुलामुलींची पहिली मुलाखत आता बहुधा फोनवरच होते. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना असो की किनाऱ्यावरचे मोठे हॉटेल, अर्ज गेल्यावर काही दिवसांनी अनोळखी क्रमांकावरून फोन येतो. बोलणारी व्यक्ती अनेकदा मुंबईत किंवा बंगळुरूत बसलेली असते आणि उमेदवाराला प्रत्यक्ष बोलवायचे की नाही, हे त्या थोड्या मिनिटांत ठरते. मी ऑटिस्टिक, म्हणजेच स्वमग्न आहे. हिशेबाचे काम मला चांगले येते, त्यात माझे मन रमते. परंतु त्या कामापर्यंत पोहोचण्याआधीच हा फोन आडवा येतो, आणि अशी मी एकटीच नाही.

समोरच्याचा चेहरा वाचणे ऑटिस्टिक माणसाला जड जाते, तेव्हा चेहराच न दाखवणारा फोन त्याला सोपा जात असेल, असा एक समज आहे. आमच्यापैकी अनेकांचा अनुभव याच्या उलट आहे. समोरासमोर बसल्यावर मुलाखत घेणारे काही लिहून घेत आहेत, अर्जाचे पान उलटत आहेत, की माझे उत्तर संपण्याची वाट पाहत आहेत, हे मला दिसते. फोनवर या तिन्हींच्या जागी नुसती शांतता असते. नेहमीच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो. मोबाइलवर आवाज पोहोचायलाच जवळजवळ तेवढा विलंब होऊ शकतो, त्यात ऐकलेल्या प्रश्नाचा अर्थ लावायला आम्हांला अधिक वेळ लागतो, आणि त्या तीन-चार सेकंदांच्या विरामाचा अर्थ पलीकडे ‘हिला येत नाही’ असा घेतला जातो. शिवाय जुन्या पद्धतीच्या फोन-जोडणीतून आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ यांसारखे ध्वनी पुसट होतात. आजूबाजूचा गोंगाट ज्यांच्या कानांना आपोआप मागे सारता येत नाही, त्यांच्या वाट्याला मग फारच थोडे येते.

म्हापशाच्या बसस्थानकावर मला असाच एक फोन आला होता. कंडक्टरांच्या शिट्ट्या आणि ‘पणजी, पणजी’चा पुकारा चालू असताना जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या दोन विवरणपत्रांतला फरक विचारण्यात आला. पहिल्यात विक्रीच्या बिलांचा तपशील, दुसऱ्यात गोषवारा आणि कराचा भरणा. हे काम मी दर महिन्याला स्वतः करत होते. पण प्रश्न इंग्रजीत सुरू झाला, मध्येच हिंदीत वळला आणि मी डिचोलीची म्हटल्यावर कोकणीत संपला. घरी कोकणी, वाचन मराठीत आणि कचेरीत इंग्रजी ही आपल्याकडची रीत इतरांना जाणवतही नसेल. मला मात्र अशा प्रत्येक वळणावर थांबून वाक्य नव्याने जुळवावे लागते. ते जुळेपर्यंत ‘ठीक आहे, कळवतो’ एवढेच ऐकू आले.

इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून मी बसवलेल्या काही रीती येथे नोंदवते. फोन घेताच मुलाखत सुरू होऊ देऊ नये. ‘मी आत्ता बाहेर आहे, चार वाजता बोलता येईल का?’ हे वाक्य पाठ असावे, आणि ते म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. प्रश्न ऐकता ऐकता कागदावर उतरवावा आणि मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे विचाराला वेळ मिळतो आणि चुकीचे ऐकलेले तिथल्या तिथे दुरुस्त होते. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा सर्वांत अवघड प्रश्न, कारण कुठे थांबायचे ते त्यात सांगितलेलेच नसते. शिक्षण, केलेले काम आणि ही जागा का हवी, एवढेच लिहून ठेवावे व तेथे थांबावे. ‘उत्तर देण्यापूर्वी मी थोडी थांबते, फोन तुटलेला नसतो’ असे सुरुवातीलाच सांगितले, तर बरीच माणसे समजून घेतात. ऑटिझमचा उल्लेख करावा की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. मी करते; पण उल्लेख केल्यावर पुढचा फोनच न आलेल्यांना मी आग्रह करणार नाही.

मात्र सगळी तयारी उमेदवारानेच का करावी? १९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे. त्यातील कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांच्या निवडीची पद्धत आणि त्यांच्या भरतीकडे लक्ष देणारा संपर्क अधिकारी यांची तरतूद नियमांनुसार असावी लागते. नोकरीच्या जाहिरातीत त्या अधिकाऱ्याचा ईमेल माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. जिथे दिवसभर फोनवरच बोलायचे आहे, तिथे फोनवरून पारख होणे योग्यच आहे. पण हिशेबनीस किंवा प्रयोगशाळा साहाय्यक यांची पारख तशी का व्हावी? खुद्द केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’मधील अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या आहेत.

मागणी मोठी नाही. कोण फोन करणार, किती वाजता, कोणत्या विषयावर आणि कोणत्या भाषेत, एवढा संदेश आदल्या दिवशी यावा, आणि त्याखाली ‘प्रत्यक्ष भेटून किंवा लेखी उत्तरे द्यायची असल्यास कळवा’ अशी एक ओळ असावी. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांसाठीचा महोत्सव पहिल्यांदा भरवून दिव्यांगांच्या प्रश्नांत गोव्याने पुढाकार घेतला आहे. आता राज्य दिव्यांग आयुक्तांनी येथील आस्थापनांकडून त्यांची समान संधी धोरणे मागवावीत आणि त्यांत फोनवरील मुलाखतीला पर्याय दिला आहे की नाही, हे तपासावे, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, डिचोली