खर्च बिलात नको, जागेवर मोजा

स्थानिक निवडणुकीतली खर्चमर्यादा मोडते ती बहुतेक वेळा दरात नव्हे, नगांच्या संख्येत. सभेला 800 खुर्च्या असतात, हिशेबात 300 लागतात. ध्वनिक्षेपक चार गाड्यांवर फिरतो, परवाना एकीचाच असतो. पावत्या जोडलेल्या, बेरीजही बरोबर. त्यामुळे नुसते कागद तपासून काही हाती लागत नाही.

निरीक्षण पथकाने सभेच्या दिवशीच खुर्च्या, मंडपाचे चौरस फूट, फलकांची लांबी-रुंदी आणि गाड्यांचे क्रमांक चित्रीकरणासह स्वतंत्र नोंदवहीत उतरवावेत. ठरलेल्या दरांनी त्यांची किंमत काढून ती दर तीन दिवसांनी उमेदवाराच्या वहीशी ताडून पाहावी. तफावतीची नोटीस प्रचार चालू असतानाच निघायला हवी. निकालानंतरच्या नोटिशीने हरलेल्याचे नुकसान भरून येत नाही.

मित्रमंडळाने परस्पर लावलेले फलक, फुकट मिळालेली गाडी यांचीही बाजारभावाने किंमत धरावी. नाहीतर ज्याचे मित्र श्रीमंत, त्याला मर्यादाच उरत नाही. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीचे पैसे तर अनेकदा भलत्याच खात्यातून भरले जातात. छापील पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या असते, तसे पैसे कोणी भरले हे तिथेही दिसले पाहिजे.

दोन्ही वह्या मतदानाआधी संकेतस्थळावर ठेवाव्यात. खुर्च्या किती होत्या हे सभेला गेलेले लोक सांगू शकतात. त्यांचा आक्षेप लेखी घेऊन पोच देणारा माणूस प्रत्येक निवडणूक कार्यालयात बसवावा.

- एक वाचक