घानाहून बाबांना, इथल्या मंत्रिमंडळाबद्दल

टेमा, घाना
17 ऑगस्ट 2025

ती. बाबा, सा. न.

आधी आईला सांगा मी बरा आहे. हेलिकॉप्टरची बातमी ऐकून तिने तीन फोन केले, मी कामात होतो, उचलता आले नाहीत.

6 तारखेला राजधानी अक्राहून ओबुआसी या खाणींच्या गावी निघालेलं लष्कराचं हेलिकॉप्टर पडलं आणि आतले आठच्या आठ जण गेले, त्यात संरक्षणमंत्री एडवर्ड ओमाने बोआमा (मूळचे डॉक्टर) आणि पर्यावरणमंत्री इब्राहिम मुर्तला मोहम्मद. निघाले होते खाणींच्याच कामाला. इथे चोरून सोनं काढतात त्याला गलामसे म्हणतात, त्या चिखलाने प्रा नदीचं पाणी पार चहासारखं झालंय आणि त्यात पाराही मिसळलाय. 15 ऑगस्टला सकाळी आपल्या लोकांसोबत झेंडावंदन केलं आणि नंतर टीव्हीवर ब्लॅक स्टार स्क्वेअरमधला अंत्यविधी बघत बसलो, लाल-काळ्या कपड्यातली माणसंच माणसं, आमच्या ऑफिसातली एक बाई हमसून हमसून रडत होती, मलाही भरून आलं.

तुम्ही फोनवर विचारलंत ना की आता त्यांची खाती कोण बघणार. तर राष्ट्राध्यक्ष महामांनी संरक्षण खातं तात्पुरतं अर्थमंत्री कॅसिएल आटो फोर्सन यांच्याकडे दिलंय आणि पर्यावरण खातं जमीन खात्याच्या मंत्र्यांकडे. कायमचा मंत्री असा एका दिवसात नेमता येत नाही कारण इथे राष्ट्राध्यक्षाने नाव दिलं तरी संसदेची मंजुरी आधी लागते, आणि बाबा हीच गोष्ट मला इथे आल्यापासून सगळ्यात जास्त आवडलीय. आपल्याकडे यादी येते, शपथ होते, मग खातेवाटप, आणि आपण पेपरात वाचतो. इथे होणारा मंत्री संसदेच्या समितीसमोर एकटा बसतो, समितीत विरोधी पक्षाचेही लोक असतात, तास तास प्रश्न विचारतात आणि हे सगळं टीव्हीवर लाइव्ह. याला व्हेटिंग म्हणतात, पानटपरीसारख्या छोट्या दुकानातही लोक उभं राहून बघतात. जानेवारीत फोर्सन यांचं मी पूर्ण बघितलं, देशाने 2022 मध्ये कर्जाचे हप्ते थांबवले होते त्यामुळे कर्ज आणि टॅक्सवर त्यांना बोलावंच लागलं.

सगळं गोडीगुलाबीने चालतं असं नाही. 30 जानेवारीच्या रात्री त्याच समितीत खासदारांनी टेबलं उलटी केली, माइक तुटले, मग सभापतींनी चौघांना दोन आठवडे निलंबित केलं, दोन्ही बाजूंच्या लोकांना हं. मला ते बघून वाईट वाटलं पण तरी म्हणतो, दाराआड ठरण्यापेक्षा हे बरं.

रचना आपल्यापेक्षा वेगळी आहे. राष्ट्राध्यक्षाला लोक थेट निवडतात, तोच कॅबिनेटचा प्रमुख, पण निम्म्याहून जास्त मंत्री खासदारांमधूनच घ्यावे लागतात, बाकीचे बाहेरचे चालतात. इथल्या 1992 च्या राज्यघटनेत कॅबिनेटमध्ये कमीत कमी 10 आणि जास्तीत जास्त 19 मंत्री असं लिहिलंय. पण ही मर्यादा फक्त कॅबिनेटला, उपमंत्री वगैरे धरून एकूण किती नेमायचे याला आपल्यासारखी सभागृहाच्या 15 टक्क्यांची अट नाही, तुम्हीच सांगायचात ना की 288 आमदार म्हणून आपल्याकडे 43 च्या वर मंत्री नाहीत. म्हणून 2017 मध्ये आधीचे राष्ट्राध्यक्ष आकुफो-आडोंनी 110 मंत्री केले आणि लोक अजून तो आकडा काढतात. महामांनी 60 च्या वर जाणार नाही असं निवडणुकीतच सांगितलेलं, आल्या आल्या मंत्रालयंही 30 वरून 23 केली. उपराष्ट्राध्यक्ष पहिल्यांदाच बाई आहेत, जेन नाना ओपोकू-आग्येमांग, प्राध्यापिका, आईला हे नक्की सांगा.

आणि राष्ट्राध्यक्ष बसतात ते जुबिली हाऊस, सिंहासनासारख्या आकाराचं, ते भारताच्या कर्जातून आपल्या मुंबईच्या शापूरजी पालनजीने बांधलंय! त्या रस्त्याने टॅक्सी गेली की मी ड्रायव्हरला दर वेळी सांगतो.

नवीन संरक्षणमंत्र्याचं व्हेटिंग लागलं की तुम्हाला लिंक पाठवतो. इथले सकाळचे दहा म्हणजे तिकडे साडेतीन, तुमची झोप झालेली असेल, चहा घेऊन बसा, मी इकडून व्हिडिओ कॉल लावतो, दोघं मिळून बघू.

तुमचा,
बाळू