सतरा ते एकवीस ही वर्षे सांभाळा

महोदय,

नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादेत आपल्या १७ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल संघाने इराणला २-१ असे हरवून आशियाई चषकात प्रवेश मिळवला. त्याआधी ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील मुली म्यानमारला नमवून पात्र ठरल्या होत्या. गोव्यात फातोर्ड्याला ऑक्टोबरमध्ये वरिष्ठ संघ सिंगापूरकडून १-२ असा हरताना पाहिल्यावर या मुलामुलींचे मोल मला अधिकच जाणवते.

मी डिचोली तालुक्यात अनेक वर्षे शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवला. पंधराव्या वर्षी चमकणारी मुले मी पुष्कळ पाहिली. पुढे ती बाकावर बसतात, आणि तिथेच संपतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध गोल करणारा जॅक्सन सिंग पुढे वरिष्ठ संघात गेला, कारण त्याला आणि त्याच्या सोबत्यांना फुटबॉल महासंघाच्या 'इंडियन अ‍ॅरोज' या तरुणांच्या संघातून थेट आय-लीग या राष्ट्रीय क्लब स्पर्धेत खेळायला मिळाले. तो संघ २०२२ मध्ये बंद झाला. का, हे मला आजही पटलेले नाही!

आता सतराव्या वर्षानंतर या मुलांनी खेळायचे कुठे? मोठ्या क्लबांत आघाडीची जागा बहुधा परदेशी खेळाडूकडे असते. आमच्या गोव्यातून तर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हाच स्थानिक पोरांच्या कितीतरी जागा गेल्या. महासंघाने अ‍ॅरोजसारखा संघ पुन्हा उभारावा, मुलींसाठीही. आशियाई चषकातील निकाल काहीही असो, हा निर्णय व्हावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, डिचोली