आधी वही बघ, मग गाडी

प्रिय बाळ,

तू पाठवलेले दोन्ही गाड्यांचे फोटो कालपासून चार वेळा बघून झाले. एक पांढरी डिझेल, 5 वर्षांची, 28,000 किलोमीटर फिरलेली. दुसरी राखाडी पेट्रोल, 9 वर्षांची, 96,000 किलोमीटरची. तू लिहिलंयस, "आई, पांढरी जवळजवळ नवीच आहे, राखाडीचं आयुष्य संपत आलंय." मला मात्र राखाडी गाडी जास्त भरवशाची वाटते. का, ते सविस्तर लिहिते. फोनवर बोलायला गेलं की पिल्लू मध्ये रडतं आणि विषय अर्धाच राहतो.

राखाडी गाडीच्या मालकाने तुला एक जाडजूड फाइल दाखवली, असं तू ओझरतं लिहिलंस आणि लगेच पांढरीच्या सीट कव्हरवर गेलीस. मी त्या फाइलपाशीच अडकले. त्या माणसाने 9 वर्षांत दरवर्षी ऑइल बदललं आणि प्रत्येक बिल जपून ठेवलं. पांढरीचा मालक म्हणाला, "गाडी फार चाललीच नाही, त्यामुळे सर्व्हिसिंगची गरज पडली नाही." त्याला हे खरंच वाटत असेल, पण यातच गाडीचं नुकसान झालेलं असतं. इंजिन ऑइल जसं किलोमीटरने जुनं होतं तसंच महिन्यांनीही होतं. म्हणून तर गाडीच्या पुस्तिकेत "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते" असं लिहिलेलं असतं. बहुतेक गाड्यांना वर्षातून एकदा तरी ऑइल बदलायला सांगतात, मग गाडी 3,000 किलोमीटर फिरलेली असो की 10,000.

थोडं चालणं इंजिनला का बाधतं ते समजून घे. इंजिन थंड असताना इंधनाचा थोडा अंश आणि ज्वलनातून होणारी पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं आणि बराच वेळ तापलेलं राहिलं, तर ती उडून जाते. पण पाच-सहा किलोमीटर जाऊन गाडी बंद केली, की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तापलेलं दिसलं तरी ऑइल पुरतं तापलेलं नसतं. रोज असंच होत राहिलं, तर ऑइलमध्ये काळा, चिकट गाळ धरतो. त्याला स्लज म्हणतात. तो आधी बारीक वाटा बुजवतो: इंजिनातल्या चेनला ताण देणाऱ्या भागाकडे जाणारी, टर्बोकडे, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे, जाणारी. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारते आणि ऑइलच्या एका पातळ थरावर तरंगत फिरते. तो थर तुटला की टर्बो संपला.

आता तुमचा रोजचा रस्ता बघ. घर, पाळणाघर, ऑफिस, सगळं मिळून एका वेळी 6 किलोमीटर. अशा रस्त्याला आजकालचं डिझेल इंजिन सोसत नाही. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा एक फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला त्याला साधारण 600 अंश उष्णता लागते, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं तरी एका लयीत पळावी लागते. तुझ्या फेरीत ते काम दरवेळी अर्धवट राहील. बऱ्याच इंजिनांत ही काजळी जाळण्यासाठी जास्तीचं डिझेल सोडतात. काम अर्धवट राहिलं की त्यातलं काही ऑइलमध्ये झिरपतं, ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवरची, म्हणजे ऑइल मोजायच्या काडीवरची, पातळी चक्क वाढते. पांढरी गाडी शहरात अशीच फिरली असणार, नाहीतर 5 वर्षांत 28,000 कसे होतील? म्हणजे मागच्या मालकाने जे केलं तेच तूही पुढे करणार. डिझेल वाईट असं मी म्हणत नाही. रोज लांब पल्ला मारणाऱ्याने जरूर घ्यावं.

आता जे सांगते ते तुला लहानपणी कधी सांगितलं नव्हतं.

आम्ही पहिली जुनी गाडी घेतली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. गाडी चकचकीत होती. विकणारा म्हणाला, टायमिंग बेल्ट बदललाय. मी बिल मागितलं नाही, मागायला संकोच वाटला. आठ महिन्यांनी एका चढावर बॉनेटखालून फट् असा आवाज आला आणि गाडी मेली. बाबांनी सेल्फ मारला, तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, अगदी सुळसुळीत फिरलं. मला वाटलं, फार काही बिघडलं नाही. खरं तर ते हलकं फिरणंच वाईट होतं. व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची उघडमीट करणारी दारं, वाकले होते, सिलिंडरमध्ये दाबच धरत नव्हता. मागे तू माझ्या शालीत झोपलेली, रस्त्यावर अंधार पडत चाललेला. मदत यायला तीन तास लागले. मेकॅनिकने हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडून वाकलेले आठ व्हॉल्व्ह ओळीने फडक्यावर मांडले, ते अजून डोळ्यांसमोर आहेत. त्या आठवड्यात मी वही घातली. ऑइल कधी बदललं, कोणत्या ग्रेडचं घातलं, तेव्हा किती किलोमीटर झाले होते, सगळं लिहायला लागले.

त्या बेल्टचं काम काय, तर वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन यांचा मेळ राखणं. इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकच जागा पाळीपाळीने वापरतात. बेल्ट तुटला की पाळी चुकते आणि ते एकमेकांवर आदळतात. बेल्ट रबराचा असतो, बाहेरून धड दिसत असतानाही आतून म्हातारा होतो. त्यामुळे तोही किलोमीटर आणि वर्षं दोन्ही बघून बदलायचा. कितीला, ते प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं, त्या गाडीच्या पुस्तिकेतच बघायचं. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते. चेनला बघावं लागत नाही असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन ताणते. थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू आली आणि ती थांबेना, तर चेनचा संशय घ्यायचा.

म्हणून बघायला जाण्याच्या आदल्या दिवशी मालकाला फोन करून सांग, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटला हात लाव. गरम लागलं तर त्या दिवशी गाडी न बघताच घरी ये. थंड इंजिन जे बोलतं ते तापलेलं इंजिन लपवतं. थंड असतानाच कूलंटच्या टाकीत डोकाव. रंग कोणताही असू दे, पाणी स्वच्छ हवं. गंजासारखं तपकिरी असेल किंवा वर तेलाचा तवंग असेल, तर सरळ निघून ये. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीच उघडू नकोस. आत दाब असतो, हात-तोंड भाजतं.

मग डिपस्टिक. जुनं पांढरं फडकं बरोबर ने. काडी ओढ, पूस, पुन्हा बुडव, मग वाच. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. थेंब बोटांत चोळून बघ, कच लागते का. डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेचच काळं होतं, त्याला घाबरू नकोस. आणि मधासारखं सोनेरी ऑइल दिसलं तर हुरळूनही जाऊ नकोस, ते काल बदललेलं असू शकतं. त्यापेक्षा ऑइल भरायचं झाकण उघडून त्याच्या आतून बघ, तिथे जुन्या सवयी दिसतात. तपकिरी छटा चालते, डांबरासारखा थर चालत नाही. झाकणाखाली सायीसारखं पांढरट काही असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असेल, म्हणजे हेड गॅस्केट, हेडखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेलेलं असू शकतं. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत निव्वळ दमटपणानेही तसं होतं. त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नकोस, कूलंटही बघ आणि मेकॅनिकलाही दाखव.

किल्ली फिरवलीस की इंजिनाचा दिवा आधी लागला पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय असं समज. सुरू होताना एकाला सायलेन्सरमागे उभं कर. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा म्हणजे इंधन जास्त जळतंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ निघते आणि विरते, ती चालेल. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. मग गाडी दहा मिनिटं तशीच चालू ठेव. तापमानाचा काटा आपल्या जागी येऊन स्थिर राहायला हवा. मग न्यूट्रललाच थोडा वेळ संथ चालू देऊन एकदम रेस कर. त्या क्षणी निळा भपका आला तर व्हॉल्व्हची सील गेलेली असतात.

धुऊन पुसून लख्ख केलेल्या इंजिनापेक्षा धुळीचं, पण ओलं नसलेलं इंजिन मला बरं वाटतं. धूळ कुठे ओली झाली की गळती तिथेच कळते.

एवढं बघून पसंत पडली, तरच ओळखीच्या मेकॅनिकला ने आणि त्याची मजुरी आनंदाने दे. त्याला दोन कामं सांग. एक, स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र, लाव. जुने दोष नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात, त्यावरून तो ओळखेल. दोन, सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत धरणारा दाब, मोज. आकडा किती आला यापेक्षा आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघायचं. एखादा इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असेल, तर का ते विचार.

बाकीचं पटकन सांगते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 3521 असेल तर 2021 सालचा 35वा आठवडा, म्हणजे टायर किती जुना ते कळतं. पिल्लूच्या खुर्चीसाठी मागे आयसोफिक्सचे हूक आहेत का, हात घालून बघ. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदललेलं बरं. पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटरवर 28,000, असं दिसलं तर मीटरवर विश्वास ठेवू नकोस. ऑइलच्या बिलांवर ग्रेड वाच, आणि पुस्तिकेत सांगितलेलाच आहे ना, ते ताडून बघ.

बाळ, एक गोष्ट मला फार आवडते. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीन चाकी गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटरवर, आपल्या आईकडे गेली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणतात तो हा. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तिने टोपीच्या पिनने मोकळी केली. ब्रेकचं लाकूड झिजलं, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंजिन थंड ठेवायला वाटेभर पाणी भरत गेली. घरच्या गाडीची काळजी मुलं मागे बसवून चालवणाऱ्या बाईने तेव्हापासून घेतली आहे. तुला इंजिनातलं काही कळत नाही असं तू परत लिहू नकोस. डिपस्टिक तुला सहावीत असताना वाचता येत होती.

म्हणून राखाडी गाडी. ती 96,000 किलोमीटर चालली, नियमित चालली आणि प्रत्येक वेळी तिची दखल घेतली गेली. एकच गोष्ट मला खटकते. फाइलच्या ज्या सहा पानांचे फोटो तू पाठवलेस, त्यांत टायमिंग बेल्टचं बिल नाही. बदलला असेल तर बिलावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही हवेत. नसेल बदलला, तर वॉटर पंपासकट बेल्टचा खर्च किमतीतून वजा करायला सांग. या वेळी संकोच करू नकोस. आणि गाडी हातात आल्यावर बेल्ट घातल्याशिवाय पिल्लूला घेऊन लांब जायचं नाही. ऑइल, फिल्टर, कूलंटही त्याच दिवशी बदलून टाक, म्हणजे तुझी मोजणी शून्यापासून सुरू होईल.

उरलेल्या पानांचे फोटो आज रात्री पाठव, पुस्तिकेतल्या देखभालीच्या तक्त्याचाही. मी जागी आहे.

तुझी,
आई