आमोसचा सिंह कोणावर गर्जतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतल्या एका लेखात बायबलच्या जुन्या करारातला देव म्हणजे सिंह-अस्वलासारखा फाडून खाणारा, असं एका वाक्यात उरकून टाकलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आता होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकात १३व्या अध्यायात तसं आहेच, परमेश्वर म्हणतो मी त्यांना सिंहासारखा होईन, बिबट्यासारखा वाटेवर टपून बसेन, पिल्लं हिरावलेल्या अस्वलीसारखी त्यांची छाती फाडेन. पण हे 'त्यांना' म्हणजे कोणाला, ते लेखात कुठेच आलं नाही. हे सगळं चाललंय एफ्राइमला उद्देशून, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएलला, देवाच्या स्वतःच्या माणसांना.

आमोस या संदेष्ट्याचं तर अजूनच स्पष्ट आहे. तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराची झाडं सांभाळणारा माणूस, इ.स.पू. ८व्या शतकातला, इस्राएलात दुसऱ्या यराबाम राजाचं राज्य, पैसा खेळतोय, श्रीमंत लोक हस्तिदंती पलंगांवर लोळतायत आणि गरीब माणूस वहाणांच्या एका जोडासाठी विकला जातोय. आणि हेच लोक परमेश्वराच्या दिवसाची आतुरतेने वाट बघतायत, कारण त्यांना वाटतंय त्या दिवशी देव बाकीच्यांना बघून घेईल. आमोस त्यांना सांगतो, तो दिवस असा असेल की माणूस सिंहापासून पळाला तर पुढ्यात अस्वल, तिथून सुटून घरात शिरला, भिंतीला हात टेकवला तर साप चावला.

त्याच्या तिसऱ्या अध्यायातलं वाक्य तर अंगावर येतं. मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या नाहीतर कानाचा तुकडा ओढून काढतो, तसे शोमरोनचे, म्हणजे उत्तर इस्राएलच्या राजधानीचे, लोक वाचतील म्हणे. जुन्या करारातल्याच निर्गम या पुस्तकात नियम आहे, राखायला दिलेलं जनावर श्वापदाने फाडलं तर राखणाऱ्याने उरलेलं पुरावा म्हणून आणून दाखवायचं, मग भरपाई द्यावी लागत नाही, म्हणजे तो कानाचा तुकडा मेंढरू मेलं याचाच पुरावा झाला! आणि पुढे इ.स.पू. ७२२च्या सुमाराला शोमरोन अश्शूर (असीरिया) साम्राज्याच्या हाती पडलंच.

बाकीच्या संदेष्ट्यांतही असे प्राणी आहेत, यशयाच्या ७व्या अध्यायात मिसरची (इजिप्तची) माशी आणि अश्शूरची मधमाशी आहे, योएलमध्ये टोळ आहेत, पण मला सगळ्यात भीती वाटते ती होशेयच्या ५व्या अध्यायातल्या कपडे खाणाऱ्या कसरीची. तिथे सिंह नंतर येतो, आधी देव म्हणतो मी एफ्राइमला कसरीसारखा झालोय, म्हणजे आतून कुरतडणं कधीचं सुरू आहे आणि राजवाड्यात कोणाला पत्ता नाही, दुखणं कळलं तेव्हा धावले कुठे तर अश्शूरच्याच राजाकडे.

आणि नुसतं हिंस्र म्हणणाऱ्यांनी त्याच होशेयचा ११वा अध्याय वाचायलाच हवा, तिथे देव म्हणतो एफ्राइमा, मी तुला कसा सोडून देऊ, आणि दोनच ओवींनंतर तोच सिंह परत गर्जतो, पण ह्या वेळी ती गर्जना ऐकून लेकरं थरथरत पश्चिमेकडून घरी परत येतात. हे सोडून फक्त १३वा अध्याय सांगणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

तुम्हाला एक विनंती आहे, जागा असेल तर आमोसचा ५वा अध्याय पुढच्या पुरवणीत पूर्ण छापा. साप चावणारा माणूस आणि 'न्याय पाण्यासारखा वाहू द्या' हे त्याच एका अध्यायात पाच ओवींच्या अंतराने आहे, वाचकांना दोन्ही एकत्र वाचायला मिळू दे.

आपली,
एक वाचक, वसई