पक्षाघातातून सावरलेल्यांना धावण्याच्या उपक्रमांत मानाचे स्थान हवे

महोदय,

सेवाभावी कार्यासाठी निधी उभारणाऱ्या धावण्याच्या स्पर्धा आता आपल्याकडे चांगल्याच रुजल्या आहेत. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग स्पर्धकांसाठी स्वतंत्र गट असतात, हे निश्चितच कौतुकास्पद आहे. तथापि हृदयविकाराच्या झटक्यातून किंवा पक्षाघातातून उठून पुन्हा चालू लागलेल्या माणसांचा सन्मान अशा उपक्रमांत आवर्जून व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ‘हार्ट वॉक’मध्ये हृदयविकारातून बचावलेल्यांना लाल आणि पक्षाघातातून बचावलेल्यांना पांढरी टोपी दिली जाते. ही प्रथा साधी असली तरी तिच्यामुळे हजारोंच्या गर्दीतही ही माणसे ओळखू येतात आणि लोक आपणहून त्यांच्याशी बोलायला येतात.

माझ्या थोरल्या भावाची उजवी बाजू पक्षाघाताने लुळी पडली आणि वाचाही गेली. शर्टाची बटणे डाव्या हाताने लावायला आणि तिपायी काठी टेकत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जायला तो नव्याने शिकला. त्याला समोरच्याचे सगळे समजते, फक्त उत्तर देताना शब्द लवकर सापडत नाही. तरीही लग्नकार्यात पाहुणे त्याच्या देखत वहिनींना विचारतात, “यांना चहा चालतो का?” अशा वेळी त्याचा चेहरा पाहवत नाही.

म्हणूनच व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देण्यापेक्षा, डॉक्टरांच्या संमतीने, या मंडळींना आरंभरेषेवर सर्वांच्या पुढे उभे करावे. त्यांच्यासाठी अंतर थोडे असावे, वाटेत बसायला खुर्च्या असाव्यात, ज्यांनी त्यांची शुश्रूषा केली त्यांना सोबत चालू द्यावे आणि शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत रस्ता वाहनांसाठी खुला करू नये. विजेत्यांची नावे ज्या उत्साहाने ध्वनिक्षेपकावरून पुकारली जातात, त्याच उत्साहाने यांचीही पुकारावीत.

यातून प्रबोधनही घडेल. रक्ताच्या गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यावर. आपल्याकडे हा मोलाचा वेळ कितीदा तरी मालीश करण्यात किंवा ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणण्यात निघून जातो. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले आणि घरच्यांनी लगेच १०८ क्रमांकावर फोन केला, असे स्वतः त्यातून गेलेल्या माणसाने दोन वाक्यांत सांगितले, तर ते कोणत्याही फलकापेक्षा अधिक लक्षात राहील.

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनापासून २९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनापर्यंतचा महिना या प्रारंभासाठी योग्य आहे. या काळात धावण्याचे उपक्रम घेणाऱ्या संस्थांनी या सूचनेचा विचार करावा आणि आपल्या दैनिकानेही विजेत्यांच्या छायाचित्राशेजारी या स्पर्धकांच्या छायाचित्राला जागा द्यावी, ही नम्र विनंती.

– एक वाचक, डोंबिवली