कोणती याहा

नवापूर,
9 जानेवारी 2026

प्रिय रायसिंग,

दिवाळीपासून तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. तिसऱ्यानंतर तू शिव्या सुरू करतोस हे ठाऊक आहे, त्या देऊन झाल्या असतील असं धरून लिहितो. तब्येत बरी. साखर होती तिथंच, उजवा गुडघा होता तसाच. झालं.

फोन न उचलण्याचं कारण इतकंच की आमच्याकडे रेंज फक्त ओसरीत येते आणि ओसरीत कोणी ना कोणी बसलेलं असतं. हे सगळ्यांसमोर बोलण्यासारखं नाही. घरात बायकोशीसुद्धा नीट बोललेलो नाही.

सुरुवात झाली नातीच्या, रूथच्या व्हॅलिडिटीपासून, म्हणजे जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीपासून. पोरगी बारावीला आहे, नर्सिंगला जायचं म्हणते. आमच्या घरात आजवर पडताळणीची वेळच आली नव्हती. मी 1982 ला शाळेत चिकटलो तेव्हा तहसीलच्या दाखल्यावर भागलं. तिच्या बापानं कोंबड्या पाळल्या, आणि कोंबड्यांना कोणी जात विचारत नाही. 2006 च्या बर्ड फ्लूमध्ये मारल्या तेव्हाही विचारली नव्हती.

अडलं ते माझ्या वडिलांच्या, बापूंच्या शाळेच्या रजिस्टरात. नक्कल काढली तर जातीच्या रकान्यात ‘नेटिव्ह ख्रिस्ती’. मावची नाही, गावित नाही, भिल्लसुद्धा नाही. ज्या मास्तरानं लिहिलं त्यानं कौतुकानंच लिहिलं असणार, पोरगं आता नवं झालं म्हणून. त्या दोन शब्दांसाठी आता पणतीनं खेटे घालायचे. तू म्हणशील, जमातीला धर्माची अट नाहीच, 1950 च्या आदेशातली ती अट अनुसूचित जातींची. तहसीलच्या कट्ट्यावर तू मला हे इतक्यांदा समजावलंस की झोपेत म्हणून दाखवीन. यादीतली ओळही पाठ आहे: गामित, गामटा, गावित, मावची, पाडवी. म्हणजे सरकारदरबारी तू आणि मी एकाच ओळीत, फक्त तू पाडवी, म्हणून शेवटी. हे तुझ्या पुतण्याला सांग. त्यानं मला डी-लिस्टिंगच्या, म्हणजे ख्रिस्ती झालेल्यांना यादीतून काढा म्हणणाऱ्या मोर्च्याचा फोटो पाठवला, खाली हात जोडलेले. काका म्हणतो आणि यादीतून काढायला निघतो. मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार?

असो. पडताळणी समितीच्या दक्षता पथकाचे साहेब घरी चौकशीला येणार असं कळलं. कुलदैवत कोणतं, लग्न कसं लावतात, मेल्यावर काय करतात, सण कोणते, हे सगळं विचारतात. 2023 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ही आप्तभाव चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, पण रूथ घाबरली. म्हणाली, ‘आजोबा, आपलं कुलदैवत कोणतं?’ आता बोल. 36 वर्षं मराठी शिकवलेला मास्तर, चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी, आणि या प्रश्नावर पहिलीतल्या पोरासारखा छताकडे बघतोय. डोंगऱ्या देव, वाघदेव एवढी नावं आली. ती तर शहाद्याचा गुजर पाटीलही सांगेल.

मग ती आईकडे गेली.

आईचं वय आता 87 च्या आसपास. रूथ वही घेऊन तिच्या खाटेशी बसली, आणि वही कोणती, तर घाईत मीच दिलेली मंडळीच्या हिशेबाची. पुढच्या पानांवर दशमांशाच्या देणग्या आणि मागच्या पानांवर देवांची नावं. आधी आई काही बोलेना. ‘ते आपण टाकलं ना’ म्हणाली. रूथनं सांगितलं की सरकारला पाहिजे. सरकार म्हटल्यावर म्हातारी उठून बसली! कणसरी म्हणजे कोण, दाण्यात ती कशी राहते, पहिलं भात कापताना काय म्हणायचं, नवरीला हळद लावताना कोणतं गाणं, आणि मग ते गाणंच. रायसिंग, माझ्या आईनं गाणं म्हटलं. उपासनेतली ना. वा. टिळकांची गीतं ती म्हणते, तू ऐकलीस, पण ती जरा सरळ उभं राहून म्हटल्यासारखी. मराठी तिची शिकलेली भाषा ना. हे बसून, डोलत, मध्येच हसत. दोन ओळींत अशी काही चावट थट्टा होती की रूथला अर्थ कळला नाही आणि मला कळला. मी वहीत ‘लग्नगीत, विनोदी’ एवढंच लिहिलं.

साहेब येऊन गेले, सभ्य माणूस होता, चहा घेतला. निकाल अजून नाही. पण त्यानंतर आई थांबलीच नाही. दुपारी गाते, पहाटे गाते. शेजारची बाई विचारून गेली, ‘आजींना बरं नाही का?’

नोव्हेंबरात खरंच बरं नव्हतं. छातीत कफ, ताप, दोन रात्री शुद्ध नव्हती. दवाखान्यातून घरी आणली तरी ताप होताच. आणि त्या तापात ती हाका मारत होती. ‘याहा, याहा.’ मधूनच हात पुढे करायची. पाळकसाहेब प्रार्थनेला आले होते, सोबत मंडळीतले दोन वडील. प्रार्थना चालू आणि हिची हाक चालू. आमेन झालं, पाळकांनी मला हळूच विचारलं, ‘कोणाला बोलवताहेत?’ माणूस अहमदनगरकडचा, वाईट हेतू काहीच नाही, त्याला शब्द माहीत नव्हता. पण दोघं वडील आमचेच. त्यांना माहीत होता, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, ‘तिच्या आईला.’

एका सेकंदात म्हणालो. विचार न करता. खोटंही नाही, याहा म्हणजे आईच. पण तुला माहीत आहे मी का इतक्या झटपट बोललो. त्या खोलीत कोणी ‘याहा मोगी’ असं देवीचं पूर्ण नाव उच्चारायच्या आत मला दार लावून घ्यायचं होतं.

तेव्हापासून झोप नाही. कारण मला खरंच ठाऊक नाही ती कोणाला बोलवत होती. आजी तुला आठवायची नाही, मीच तिला पाहिली नाही. आईला लहानपणी ताप भरला, भगत झाला, कोंबडं झालं, उतार नाही. मग आजीनं तिला झोळीत घालून चिंचपाड्याच्या दवाखान्यात आणली. दवाखाना 1942 चा, तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा. मिशनचं नाव स्कँडिनेव्हियन अलायन्स होतं, 1949 ला ते ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’, म्हणजे टीम झालं. आजीला दोन्ही म्हणता येत नव्हती, ती ‘गोऱ्या बाईचं घर’ म्हणायची. पोरगी वाचली, तिथंच शिकायला राहिली, तिथंच बाप्तिस्मा झाला, पुढे तिथंच आया म्हणून लागली. आजीनं काही बाप्तिस्मा घेतला नाही. म्हणायची, पोरगी तुमची, मी माझी. बाजाराच्या दिवशी यायची आणि कापणीनंतर टोपलीत नवं भात आणायची. तेवढं आईनं मला सांगितलेलं.

आता 1984 काढतो. तू काढायच्या आत मीच काढतो. शिवरात्रीला तू मला देवमोगऱ्याला, याहा मोगीच्या जत्रेला नेलंस, अक्कलकुव्यावरून सागबाऱ्याच्या गाडीनं आणि पुढे पायी. घरी मी सांगितलं होतं शिक्षकांचं शिबिर. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन रांगेत, ढोल, मोहाचा वास. मी बाजूला उभा राहून बघत होतो. तू विचारलंस, ‘भेटायला आलास का बघायला?’ आणि परत येताना, पहिल्या धारेची पोटात असल्यामुळे, ते वाक्य टाकलंस: ‘तुमच्यात बाप आहे, पोरगा आहे, मग आई कुठंय रे?’ त्यावर मी वर्षभर तुझ्याशी बोललो नाही. तुला वाटलं मला धर्माचा राग आला. राग आला होता उत्तर सापडलं नाही म्हणून. हे 42 वर्षांनी कबूल करतोय, जपून ठेव, परत मिळणार नाही.

जे तुला कधी सांगितलं नाही ते हे. आईला कळलं होतं. माझ्या सदऱ्याला वास येत होता, शिबिरात मोह कुठला? तिनं बापूंना सांगितलं नाही, मला मारलं नाही. चुलीपुढे बसून एवढंच विचारलं, ‘तिथं अजून नवं धान्य ठेवतात का?’ मी हो म्हणालो. तिनं भाकर उलटली.

आपली दारूवरची भांडणं आठवली. मी म्हणायचो मिशननं आमच्या पाड्यांतली दारू सोडवली. तू म्हणायचास, 1922-23 ला सालाबाई देवी अंगात आली तेव्हाच लोकांनी मडकी फोडली होती, नंतर मोरवडला गुलामहाराजांनी सोडवली, तुमचं मिशन तिसरं. आणि हे सगळं तू नवापूर स्टेशनच्या त्या बाकावर बसून सांगायचास, धड गुजरातच्या बाजूला आणि बाटली महाराष्ट्राच्या. तू बरोबर होतास, तीनदा सुटलेली दारू तुला मात्र एकदाही सुटली नाही.

पण मिशनला मी वाईट म्हणणार नाही. ते दार नसतं तर आई त्या तापातच गेली असती, मी नसतो, रूथ नसती. 1998 च्या नाताळात डांगात प्रार्थनाघरं जळत होती तेव्हा तू ‘काम आहे’ म्हणून आमच्या ओसरीत चार रात्री झोपलास, उशाला काठी. काय काम होतं ते मी अजून विचारलेलं नाही. तेव्हा मी कोण आहे याबद्दल मला काडीची शंका नव्हती. आता काहीच जळत नाहीये आणि शंका येते. आहे की नाही गंमत?

ताप उतरला. मी एका रात्री विचारलंच, ‘आई, तू कोणत्या याहाला हाक मारत होतीस?’ माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुला काय करायचंय? पाणी दे.’

आणि डिसेंबरात, भात घरात आल्यावर, तिनं टोपली मागितली. छोटी, बांबूची. ओंजळीनं स्वतः भात भरलं. म्हणाली, ‘हे तिकडे पोचव.’ तिकडे म्हणजे कुठं, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं तिनं, म्हणून विचारलं नाही.

मी स्वतःला हजार गोष्टी सांगून पाहिल्या. कापणीच्या उपासनेला मंडळीतही टोपल्या येतात, भात, तूर, भोपळे, नंतर लिलाव होतो आणि पावत्या मीच फाडतो. तीच टोपली तिथं ठेवली असती तर? ठेवायला उचललीही होती. आईनं खाटेवरून बघितलं आणि म्हणाली, ‘ती नाही, दुसरी ने.’ दुसरी नेली. पावती क्रमांक 41, आईच्या नावे. पहिली अजून कोठीत उंदरांपासून झाकून ठेवली आहे. बायको रोज बघते, विचारत नाही.

तिला न्यायची तर ताकद तिच्यात नाही. मी जायचं तर यंदा महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला, नेमकी रविवारी. सेक्रेटरी रविवारी गैरहजर आणि त्याच दिवशी कोणीतरी त्याला सागबाऱ्याच्या रस्त्यावर पाहिलं. पण रविवार नसता तरी मी गेलो असतो का, ते लिहायला बसलो आणि तीनदा खोडलं. तू दर वर्षी जातोस.

वहिनींच्या मोतीबिंदूचं झालं का? नाशिकच्या पोराचं घर झालं असं ऐकलं, फोटो पाठव. आमचूर यंदा किती निघाला? दोन किलो आमच्यासाठी ठेव, पैसे घे या वेळी, भांडू नको.

टोपली जड नाही, दोन शेर भात असेल. तिकडे ठेवताना कोणाचं नाव सांगायचं असेल तर आईचं बाप्तिस्म्याआधीचं नाव सांग, ते मागच्या पानावर लिहून दिलंय. मलाही ते सप्टेंबरातच कळलं, रूथच्या वहीतून. तू म्हणशील त्या दिवशी सकाळच्या गाडीनं खांडबाऱ्याला घेऊन येतो. नवापूर स्टेशनवर नको, तिथं मंडळीतलं कोणी ना कोणी असतंच.

तुझा,
दानियल